पतसंस्था, बँक, गट, सावकार, क्रेडिट कार्ड: एकाच घराची पाच देणी, कोण काय करू शकतं?

माळवाडीकर:
नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातल्या एका शेतकरी कुटुंबाची कर्जाची कागदपत्रं लावून द्यायची आहेत. पाच जणांचं देणं आहे. पाचही जण "आता कायदेशीर कारवाई होणार" एवढंच बोलतात. नक्की कुठली, कुणी विचारलं की फोन ठेवतात.

१) तालुक्यातली पतसंस्था. मूळ कर्ज ४ लाख, आता ६ लाख २० हजार सांगतात. जामीनदार दोन, त्यातला एक झेडपीचा शिक्षक. उपनिबंधक कार्यालयातून कलम १०१ च्या सुनावणीची नोटीस आली आहे.
२) राष्ट्रीयीकृत बँकेचं घरकर्ज. बाकी ११ लाख ४० हजार. सरफेसीची (थकलं की कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याची) १३(२) नोटीस हातात आहे.
३) बायकांच्या गटातून घेतलेलं मायक्रोफायनान्सचं कर्ज. वसुलीची माणसं रात्री आठला येऊन ओट्यावर बसतात.
४) गावातला सावकार. २ लाख, महिना ५ टक्के. त्याच्याकडे एक सही केलेला कोरा चेक आहे आणि २० गुंठ्यांचं खरेदीखत करून घेतलंय. जमीन अजून हेच कसतात.
५) क्रेडिट कार्ड, जून २०२० मध्ये थकलेलं. त्यानंतर एक रुपया भरलेला नाही. आता लोकअदालतीची नोटीस आणि "वकील साहेबांचे" फोन.

आधी कुठे धावायचं? आणि शिक्षकाच्या पगाराला हात लागेल का?

खातेउतारा:
माळवाडीकर, कर्ज कशासाठी घेतलं हे वसुलीत जवळजवळ कुणी बघत नाही. कुणी दिलं आणि तारण काय, यावर सगळं ठरतं. म्हणून प्रत्येक नोटिशीच्या डोक्यावरचा कायदा आणि कलम आधी वाचा. तुमच्या यादीत सगळ्यात घाईचं पहिलं आहे, घरकर्ज नव्हे. बहुतेक लोक उलटं करतात, कारण बँकेची नोटीस जाडजूड असते.

पतसंस्था ही महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खालची. तिला दिवाणी कोर्टात जावं लागत नाही. निबंधकाने कलम १०१ चा वसुली दाखला दिला की ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. मग कलम १५६ आणि नियम १०७ प्रमाणे वसुली अधिकारी मागणी नोटीस, जप्ती, लिलाव या क्रमाने जातो. हा वसुली अधिकारी बहुतेक वेळा संस्थेचाच कर्मचारी असतो, फक्त अधिकार खात्याने दिलेले असतात. लोकांना वाटतं तो "पतसंस्थेचा माणूस" आहे, त्याला दारातून परत पाठवता येतं. तसं होत नाही.

खरी मेख पुढे आहे. दाखला निघाल्यावर त्याविरुद्ध कलम १५४ खाली पुनरीक्षण (वरच्या अधिकाऱ्याकडे फेरतपासणीचा अर्ज) करता येतं, पण त्याआधी वसुलीच्या रकमेच्या ५० टक्के संस्थेत भरावे लागतात. तुमच्या आकड्यावर ते ३ लाख १० हजार होतात. ज्याच्याकडे हप्त्याला पैसे नाहीत तो हे कुठून आणणार? म्हणून जे भांडायचं ते आत्ता, सुनावणीतच. तारखेला हजर राहा, लेखी म्हणणं द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी "साहेब, मुदत द्या" याचा पुढे काही उपयोग नाही.

म्हणण्यात काय लिहायचं:

खात्याचा पहिल्या दिवसापासूनचा उतारा आणि कर्जरोख्याची प्रत मागा. रोख्यात लिहिलेला व्याजदर आणि प्रत्यक्ष आकारलेला दर ताडून बघा. व्याज किती महिन्यांनी मुद्दलात मिळवलं, दंडव्याज कुठल्या तारखेपासून लावलं, नोटीस खर्च आणि वसुली खर्च किती वेळा टाकला, हे ओळीओळीने तपासा. पिग्मी चालू होती का? असेल तर पिग्मी एजंटाच्या पावत्या किंवा पासबुक आणि संस्थेची खतावणी समोरासमोर ठेवा. एजंटाने गोळा केलेले पैसे खात्याला उशिरा पडणं किंवा न पडणं, हा सुनावणीत टिकणारा मुद्दा आहे, कारण तो कागदावर दिसतो. शेअर्सची रक्कम आणि ठेव वजा केली का तेही बघा.

जामीनदाराबद्दल. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच. "आधी कर्जदाराचं विका, मग माझ्याकडे या" असं तो म्हणू शकत नाही. पगारदार जामीनदार मुद्दाम घेतात ते याचसाठी. मात्र दाखल्यात त्याचं नाव हवं आणि त्यालाही नोटीस मिळालेली हवी. शिक्षकाने स्वतंत्र म्हणणं द्यावं, कर्जदाराच्या म्हणण्याखाली नुसती सही करू नये. त्याने पैसे भरलेच तर कलम १४० प्रमाणे संस्थेचे हक्क त्याच्याकडे येतात आणि तो कर्जदाराकडून वसूल करू शकतो. भरताना पावतीवर "जामीनदार म्हणून" असं लिहून घ्यावं.

लिलावापर्यंत गेलंच तर: घेणाऱ्याला १५ टक्के रक्कम जागेवर भरावी लागते. लिलाव झाल्यापासून ३० दिवसांत मालकाने पूर्ण थकबाकी आणि खरेदीदारासाठी बोलीच्या ५ टक्के रक्कम भरली, तर लिलाव रद्द करून घेता येतो. ही खिडकी खरी आहे. मात्र ती एकदाच उघडते आणि तारीख मागेपुढे होत नाही.

काळा_कोट:
खातेउतारांनी पतसंस्थेचं छान मांडलंय. मी २, ४, ५ घेतो.

घरकर्ज. ९० दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत. १३(२) ची नोटीस म्हणजे ६० दिवसांत पूर्ण रक्कम भरा. या ६० दिवसांत लेखी हरकत दिली तर बँकेने १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचं असतं. हरकत न देता गप्प बसलात तर पुढे कोर्टात "तेव्हा का बोलला नाहीत" हा प्रश्न येतो. त्यानंतर १३(४) चा ताबा. पहिला ताबा कागदी असतो: दारावर नोटीस, सात दिवसांत दोन वर्तमानपत्रांत जाहिरात, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. माणसांना बाहेर काढायला बँकेला कलम १४ प्रमाणे जिल्हाधिकारी किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. तो नसताना कुणी कुलूप लावायला आलं तर आदेशाची प्रत मागा.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. "डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) २० लाखांच्या वरचीच प्रकरणं जातात, आमचं ११ लाख आहे, म्हणजे सरफेसी लागूच नाही." चूक. २० लाखांची मर्यादा बँकेने डीआरटीत दावा लावण्यासाठी आहे. एनबीएफसीला (बँक नसलेल्या फायनान्स कंपनीला) सरफेसी वापरायला कर्ज किमान २० लाखांचं लागतं, तो आणखी वेगळा नियम. बँकेला सरफेसीसाठी तारण १ लाखाच्या वर आणि बाकी एकूण कर्जाच्या २० टक्क्यांपेक्षा कमी नसणं पुरतं. उलट तुम्हाला १३(४) विरुद्ध दाद मागायची तर रक्कम कितीही असो, डीआरटीतच जावं लागतं, ४५ दिवसांच्या आत. सांगलीचं काम पुण्याला. दिवाणी कोर्ट हे घेत नाही.

दुसरी चूक: घाबरून एक हप्ता भरणं. खातं एनपीएतून बाहेर यायला सगळी थकलेली मुद्दल आणि व्याज भरावं लागतं, २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने हे स्पष्ट केलंय. चार हप्ते थकले आणि एक भरला तर कारवाई थांबत नाही. त्यापेक्षा शाखेत जाऊन "आज किती भरलं तर खातं नियमित होईल" हा आकडा लेखी घ्या. तो पूर्ण बाकीपेक्षा खूपच लहान असतो. आणि घर सोडवायचं असेल तर विक्रीची नोटीस प्रसिद्ध होण्याच्या आत. २०१६ च्या दुरुस्तीनंतर सोडवण्याचा हक्क तिथेच संपतो, लिलावाच्या दिवसापर्यंत थांबता येत नाही.

शेतजमिनीचं विचारलं नाहीत, तरी सांगतो. सरफेसी शेतजमिनीला लागत नाही. त्याच शेतावर विकास सोसायटीचा बोजा असेल तर ती १०१ च्या रस्त्याने लिलाव काढू शकते. सातबाऱ्यावर इतर हक्कात कुणाचं नाव आहे ते आधी बघा. सहकारी बँक असेल तर तिच्या हातात दोन्ही हत्यारं: १०१ पण आणि सरफेसी पण. मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात मे २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी तो वाद मिटवलाय. पतसंस्थेला मात्र सरफेसी नाही.

क्रेडिट कार्ड. बिनतारणी देणं, दावा लावायची मुदत ३ वर्षं. पण जून २०२० पासून सरळ तीन वर्षं मोजू नका. कोविडमुळे १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सुप्रीम कोर्टाने मुदतीतून वगळलाय. म्हणजे घड्याळ १ मार्च २०२२ ला सुरू झालं आणि फेब्रुवारी २०२५ अखेर थांबलं. त्याआधी बँकेने दावा लावलेला नसेल आणि मधे कुठे लेखी कबुली दिलेली नसेल, तर कोर्टाची वाट बंद. देणं पुसलं गेलेलं नाही. ते मागू शकतात, सिबिलला दिसू शकतं, आणि त्याच बँकेत बचत खातं असेल तर त्यातून वळतं करून घ्यायचा प्रयत्न होऊ शकतो. पगार त्या बँकेत येत असेल तर खातं हलवा.

आता लोकअदालत. नोटीस आली म्हणून अटक होत नाही, न गेल्याने एकतर्फी निकालही लागत नाही. पण गेलात आणि तडजोडीवर सही केली, तर तो कोर्टाचा हुकूमनामाच होतो आणि त्यावर अपील नाही. मुदतबाह्य देणं "भरतो" असं सही करून लिहून दिलं की करार कायद्याच्या कलम २५(३) प्रमाणे नवा करार. "फक्त ५०० रुपये टाका आणि हा फॉर्म भरा, केस थांबवतो" हे जे फोनवर सांगतात, त्यात ५०० रुपयांत त्यांना रस नसतो. सहीत असतो.

आणि समजा दावा लागून हुकूमनामा झालाच, तर पगाराची जप्ती कशी होते तेही सांगतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पहिले १००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित. २५ हजार पगार असेल तर महिन्याला जास्तीत जास्त ८ हजार. तेही एकूण २४ महिने. पीएफ आणि पेन्शनला हात नाही. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, शेतकऱ्याची अवजारं, बैल, बियाणं, मंगळसूत्र, यांनाही नाही.

आठवडी_हप्ता:
गटाच्या कर्जाचं मी सांगते. ज्या घराचं वर्षाचं उत्पन्न ३ लाखांपर्यंत आहे त्यांना दिलेलं बिनतारणी कर्ज म्हणजे मायक्रोफायनान्स, आणि त्याला वसुलीचे वेगळे नियम. साध्या कर्जाला एजंटाचे फोन सकाळी ८ ते संध्याकाळी ७. मायक्रोफायनान्सला ९ ते ६. म्हणजे रात्री आठचं ओट्यावरचं बसणं दोन्हीकडून बाहेर.

वसुली ठरलेल्या जागी व्हायची असते, म्हणजे गटाच्या मीटिंगची जागा. घरी यायचा हक्क त्यांना कधी? बाई लागोपाठ दोन किंवा जास्त वेळा त्या जागी आली नाही तर. म्हणून पैसे नसले तरी मीटिंगला जा, वहीत हजेरी लावा आणि शक्य असेल तर त्या पानाचा फोटो काढून ठेवा. "पैसे नाहीत म्हणून तोंड लपवलं" ही इथली सगळ्यात महागात पडणारी चूक. तुम्ही गैरहजर राहिलात की घरी यायची मुभा तुम्हीच त्यांना देता. नातेवाईक, शेजारी, कामाच्या जागेचे लोक यांना त्रास देणं, चारचौघांत अपमान करणं, सतत फोन करणं, कशालाच परवानगी नाही.

तक्रार आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी द्या. त्याचा नंबर कर्जाच्या कार्डावर छापलेला असायला हवा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. चौकशीला १४४४८. तक्रारीत तारीख, वेळ, माणसाचं नाव किंवा ओळखपत्राचा नंबर हवा. "खूप त्रास देतात" एवढ्यावर काही होत नाही. पतसंस्थेची तक्रार मात्र इथे चालत नाही, तिकडे उपनिबंधकच.

व्याज किती घ्यावं याची वरची मर्यादा २०२२ पासून या कर्जांना नाही, म्हणून "२४ टक्के लावतात, हे बेकायदा" या मुद्द्यात वेळ घालवू नका. कर्जाच्या तथ्यपत्रकात (दर आणि अटी लिहून दिलेल्या कागदात) लिहिलेला दर आणि आकारलेला दर जुळतो का ते बघा. मुदतीआधी फेडलं तर दंड घेता येत नाही.

काळा_कोट:
सावकाराचं राहिलं होतं, आणि यादीत सगळ्यात जास्त वाचवता येण्यासारखं तेच आहे.

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४. परवाना असलेल्या सावकाराला शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण १२ टक्के, बिगरशेतकऱ्याकडून १५ आणि १८. चक्रवाढ नाही. एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त घेता येत नाही, जुना दामदुपटीचा नियमच कायद्यात बसवलाय. तुमचं प्रकरण महिना ५ टक्के, म्हणजे २ लाखांवर महिन्याला १० हजार. कायद्याच्या ९ टक्क्यांनी तेच १५०० होतात. त्याच्या दराने २० महिने व्याज दिलं की दामदुपटीची रेघ गाठली.

परवाना आहे का ते तालुक्याच्या सहाय्यक निबंधक कार्यालयात विचारा, तेच सावकारांचे निबंधक. परवाना असला तरी तो ठरलेल्या क्षेत्रापुरताच. नसेल तर ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड, शिवाय त्याच्या दाव्याला कोर्ट हुकूमनामा देत नाही.

खरेदीखतासाठी कलम १८. अवैध सावकारीत तारण म्हणून गेलेली जमीन, मधे १५ वर्षांपेक्षा जास्त गेली नसतील, तर जिल्हा निबंधक ते खत रद्द ठरवून परत देऊ शकतात. अर्ज जिल्हा उपनिबंधक कार्यालयात, सावकारीसाठी जिल्हा निबंधक तेच. आदेशाविरुद्ध एका महिन्यात विभागीय निबंधकांकडे अपील.

अर्ज कशावर टिकतो आणि कशावर पडतो ते सांगतो. खरेदीखत नोंदणीकृत असतं, त्यात "पूर्ण रक्कम मिळाली" असं लिहिलेलं असतं, त्यामुळे नुसत्या शब्दावर कुणी विश्वास ठेवत नाही. दाखवायचं हे: खतातली किंमत आणि त्या वर्षीचा रेडीरेकनर (सरकारी दरपत्रक) यातली तफावत, खत झाल्यावरही पीकपाहणीत आणि ऊस कारखान्याच्या नोंदीत नाव तुमचंच, खताच्या आगेमागे त्याच माणसाकडून पैसे आल्याची खात्यावर नोंद, दर महिन्याला सारख्या रकमा फोनवरून गेल्याचा इतिहास. पैसे रोखीने देत असाल तर यापुढे तरी खात्यावरून द्या. आणखी दोघातिघांनी त्याच्याकडून घेतले असतील तर सगळ्यांचे अर्ज एकत्र जाऊ देत. एकदाच दिलेले हातउसने पैसे ही सावकारी होत नाही, निबंधकाला धंदा दिसावा लागतो. झडतीत इतरांचे चेक, स्टॅम्प, चिठ्ठ्या सापडल्या की तो दिसतो. म्हणून अर्ज करण्याआधी गावात बोभाटा करू नका.

कोरा चेक. सही तुमची असेल तर रक्कम त्याने भरली असली तरी कायद्याचं गृहीतक त्याच्या बाजूने सुरू होतं. चेक परत गेल्यावर ३० दिवसांत तो नोटीस देईल, ती मिळाल्यापासून तुमच्याकडे १५ दिवस. या १५ दिवसांत वकिलामार्फत उत्तर गेलंच पाहिजे: चेक तारण म्हणून दिला, इतके पैसे परत केले, परवाना नाही. निबंधकाकडचा अर्ज चेक वटवायला टाकण्याच्या आधीच्या तारखेचा असेल तर या उत्तराला वजन येतं. नंतरचा असेल तर पश्चातबुद्धी म्हणतात.

आणि हो, ९-१२-१५-१८ हा तक्ता घेऊन बँकेत किंवा एनबीएफसीत जाऊ नका. राज्यांचे सावकारी कायदे रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या एनबीएफसीला लागत नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने मे २०२२ मध्ये सांगितलंय. समाजमाध्यमांवर उलट फिरतंय.

निपाणीकर:
मधेच विचारतो. आम्ही कर्नाटकात, पण कर्ज कोल्हापूरच्या मल्टिस्टेटचं (एकाहून जास्त राज्यांत चालणाऱ्या सहकारी संस्थेचं). तिला १०१ लागतो का?

खातेउतारा:
नाही. मल्टिस्टेट म्हणजे २००२ चा केंद्राचा कायदा. तिथे कलम ८४ खाली लवाद नेमला जातो आणि त्याच्या निवाड्यावर वसुली होते. लवादाच्या पहिल्या नोटिशीला हजर राहिलं नाही तर एकतर्फी निवाडा, आणि तो रद्द करायला तीन महिने, फार तर आणखी ३० दिवस. नोटीस बऱ्याचदा जुन्या पत्त्यावर जाते, म्हणून संस्थेत पत्ता बदलून पोच घ्या. करारात सुनावणीचं ठिकाण कुठलं लिहिलंय तेही बघा, कारण भाडं तुमच्याच खिशातून.

सावकार असेल तर तुम्हाला कर्नाटकचा १९६१ चा कायदा, महाराष्ट्राचा नाही. शिवाय छोट्या कर्जांच्या जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध कर्नाटकने २०२५ मध्ये वेगळा कायदा केलाय. गोव्यातही सावकारी आणि सहकार दोन्हींचे २००१ चे स्वतःचे कायदे आहेत, तिथे आपलं १०१ दाखवून उपयोग नाही. बँकेचं कर्ज मात्र तिन्हीकडे सरफेसीखाली सारखंच.

माळवाडीकर:
मंडळी, फार मोलाचं. म्हणजे या आठवड्यात १०१ चं लेखी म्हणणं, मग बँकेला हरकत आणि नियमित करायचा आकडा, सावकाराचा अर्ज गुपचूप, गटाच्या मीटिंगला हजेरी, आणि कार्डवाल्याला काही सही करून द्यायची नाही. पतसंस्था "एकरकमी भरा, सूट देतो" म्हणतेय. घ्यावं का?

खातेउतारा:
घ्या, पण तोंडी सुटीवर पैसे भरू नका. संस्थेच्या लेटरहेडवर रक्कम, तारीख, "यानंतर कर्जदार व जामीनदारांकडे काही येणे नाही" हे शब्द आणि संचालक मंडळाच्या ठरावाचा क्रमांक हवा. व्यवस्थापक बदलला की तोंडी सूट विसरली जाते आणि भरलेली रक्कम व्याजात जिरते. पत्रात हेही लिहून घ्या की १०१ चा अर्ज संस्था मागे घेईल. ते राहिलं तर पैसे भरूनही दाखला निघतो. भरल्यावर निरंक दाखला, कोरे चेक परत, आणि सातबाऱ्यावर बोजा असेल तर तो कमी करण्याचं तलाठ्याच्या नावचं पत्र त्याच दिवशी मागा. फेरफार मंजूर होऊन उताऱ्यावरून नाव जाईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

काळा_कोट:
बँकेचं फिटलं तर मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत द्यायची असतात. उशीर त्यांच्यामुळे झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई, डिसेंबर २०२३ पासून. मागितल्याशिवाय कुणी देत नाही.